कागलची लेक, इंदूरची माणिकबाग



गेल्या काही वर्षांत आपल्या भागात बंगल्यांची कामं जोरात सुरू आहेत. वाटण्या झाल्या की जुना वाडा उतरवायचा आणि त्या जागी नवं घर उभं करायचं. मग आर्किटेक्टनं पाठवलेला रंगीत फोटो घरच्या ग्रुपवर येतो. त्या फोटोंबरोबर हल्ली एक शब्द हमखास असतो, "फ्रेंच स्टाईल". कुणाकडे फ्रेंच खिडक्या, कुणाकडे फ्रेंच फर्निचर. एका नातेवाइकांच्या प्लॅनवर तर "फ्रेंच कंट्री" असं लिहिलेलं होतं. फ्रेंच म्हणजे काय ते थोडंफार कळतं, पण हे कंट्री काय, असं बऱ्याच जणींनी मला विचारलं. उत्तर शोधता शोधता मी थेट आपल्या कागलच्या एका लेकीपर्यंत जाऊन पोचले. तिच्यासाठी आणि तिच्या नवऱ्यासाठी बांधलेल्या घराचं नाव जगभरच्या कलेच्या पुस्तकांत आहे. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून आज तिची गोष्ट.

आधी तो "कंट्री" शब्द मिटवून टाकू. फ्रान्समध्ये राजेलोकांचे महाल वेगळे आणि खेड्यातली घरं वेगळी. महालांत सोनेरी वेलबुट्टी, मोठाले आरसे, झुंबरं आणि वाकड्या पायांच्या खुर्च्या. खेड्यातल्या घराला जाड दगडी भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर, आत उघडी लाकडी तुळई, खिडक्यांना लाकडी झडपा, आणि घराचा जीव म्हणजे मोठं स्वयंपाकघर. फ्रेंच कंट्री म्हणजे हे खेड्यातलं घर. वर्णन ऐकल्यावर तुम्हालाही आपल्या आजोळचं घर आठवलं असेल! जाड भिंती, तुळया, झडपा, माजघराला लागून स्वयंपाकघर. उतरवून टाकलं ते घर आणि आता पैसे मोजून करून घेणार आहोत ते घर, यांत फार अंतर नाही.

आणखी एक गंमत सांगते. आपल्या जुन्या घरांवर जी मंगलोरी कौलं असतात, एकमेकांत खाच अडकवून बसणारी, त्यांची मूळ कल्पना फ्रान्समधली. तिथल्या अल्सास भागात गिलार्दोनी नावाच्या भावांनी १८४१ मध्ये अशा कौलाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे खाचेचं कौल कोकण-कर्नाटकातून घाटावर सगळीकडे गेलं. म्हणजे फ्रेंच खेड्यातली वस्तू आपल्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या होती. आपण तिला मंगलोरी म्हणत होतो, एवढंच.

आता कागलची गोष्ट.

कागल हे घाटग्यांचं संस्थान. त्याच्या दोन पाती होत्या, थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीतले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले, तेच आपले राजर्षी शाहू महाराज. त्यांचे धाकटे बंधू पिराजीराव म्हणजे बापूसाहेब महाराज. मुरगूडच्या तलावाला "सर पिराजीराव तलाव" म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. धाकट्या पातीचे दत्ताजीराव घाटगे. त्यांची मुलगी चंद्रप्रभा. नात्यानं ती शाहू महाराजांची चुलत बहीण, वयानं मात्र लेकीसारखी.

या चंद्रप्रभेचं लग्न महाराजांनी इंदूरच्या होळकरांच्या यशवंतरावांशी ठरवलं. घाटगे मराठा, होळकर धनगर. त्या काळात राजघराण्यांत असा आंतरजातीय विवाह ठरवणं म्हणजे केवढं धाडस! महाराजांनी जातीभेदाबद्दल नुसती भाषणं केली नाहीत, स्वतःच्या घरातली मुलगी पुढे केली. आपल्या समाजाला तर महाराजांची आठवण वेगळी सांगायला नको. १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभं राहिलं ते त्यांच्याच पाठबळावर, आणि त्यांचं पहिलं मोठं इंग्रजी चरित्र १९२४ मध्ये लिहिलं ते आपल्या अण्णासाहेब लठ्ठे यांनी.

१९२२ मध्ये महाराज गेले. ठरलेलं लग्न मोडलं नाही. १९२४ मध्ये ते पार पडलं. मुलगी दहा-अकरा वर्षांची, नवरा मुलगा पंधराचा. लग्नानंतर चंद्रप्रभेची संयोगिताबाई झाली. आपल्याकडे सासरचं नाव मिळतं आणि माहेरचं नाव मागे पडतं, तसंच. पुढची सगळी कीर्ती महाराणी संयोगिताबाई या नावाची आहे.

दोनच वर्षांत, १९२६ मध्ये, सासरे तुकोजीराव यांना एका खून प्रकरणाच्या गदारोळात गादी सोडावी लागली. सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले आणि ही मुलगी महाराणी. पूर्ण अधिकार त्यांना मिळाले १९३० मध्ये. मधल्या काळात यशवंतराव ऑक्सफर्डला शिकत होते. संयोगिताबाईही युरोपात राहिल्या, फिरल्या, शिकल्या.

इंदूरमध्ये होळकरांना घराची काही कमी नव्हती. गावाच्या मध्यात जुना राजवाडा होता, सात मजली, खाली दगडी आणि वर लाकडी. शिवाय कान्ह नदीच्या काठी लालबाग होता. १८८६ मध्ये सुरू झालेलं लालबागचं काम १९२१ पर्यंत चाललं. त्याच्या लोखंडी दरवाजांसाठी लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या दरवाजांचा नमुना घेतला होता. आत सोनेरी नक्षी, रंगवलेली छतं, संगमरवरी खांब आणि नाचायला लाकडी तळाचा हॉल. पाहुणा आला की दिपून जावा, असा सगळा थाट. फ्रेंच राजमहालांची नक्कल म्हणतात ती हीच. मी इंदूरला गेले होते ते बावनगजा आणि सिद्धवरकूटच्या यात्रेच्या निमित्तानं. तेव्हा लालबाग पाहिला. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "छान आहे गं, पण इथं पाय पसरून बसायचं कुठं?" त्या एका वाक्यात सगळा लालबाग आला.

यशवंतराव आणि संयोगिताबाईंना बहुधा हाच प्रश्न पडला असावा. कारण त्यांनी स्वतःसाठी जे घर मागवलं ते अगदी उलट होतं.

ऑक्सफर्डला महाराजांची ओळख एकार्ट मुथेसियस या जर्मन तरुणाशी झाली. तो त्यांच्याच आसपासच्या वयाचा, पंचविशीतला. त्याचे वडील हेर्मान मुथेसियस यांनी इंग्लंडमधल्या राहत्या घरांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. राहणाऱ्याची सोय आधी आणि दिखावा नंतर, ही शिकवण मुलाच्या अंगात मुरलेली असावी. या तरुणाला सांगितलं गेलं, आम्हाला इंदूरला घर हवं. १९३० मध्ये काम सुरू झालं आणि १९३३ पर्यंत माणिकबाग उभी राहिली.

बाहेरून ती अगदी साधी. नक्षी नाही, घुमट नाही, कमानी नाहीत. इंग्रजी यू अक्षरासारखा आकार, फिक्या रंगाच्या साध्या भिंती, पावसाचा आणि उन्हाचा विचार करून पुढे काढलेलं छप्पर. हिंदुस्थानात ज्या घरांत सगळ्यात आधी वातानुकूलन आलं, त्यांत ही एक. सामान बर्लिन आणि पॅरिसमध्ये तयार व्हायचं, जहाजानं मुंबईला यायचं आणि तिथून रेल्वेनं इंदूरला. दिव्यांपासून दाराच्या मुठींपर्यंत प्रत्येक वस्तू कुठं बसणार हे आधी कागदावर ठरलेलं.

फर्निचर मात्र बरंचसं पॅरिसचं, तेही जुन्या राजांच्या पद्धतीचं मुळीच नाही. त्या वेळचे सगळ्यात नवे कारागीर निवडलेले. महाराजांच्या कामाच्या खोलीचं फर्निचर एमिल-जाक रुलमानचं, गडद एबनी लाकडाचं. जमिनीवर इव्हान दा सिल्व्हा ब्रुन्सचे गालिचे. शयनगृहातले पलंग काच आणि धातूचे. चांदीची भांडी जाँ पुइफोर्काची, ज्यांवर एक फूल की पान कोरलेलं नाही, नुसता आकार.

इथं एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती पुस्तकांत ओझरती येते. या घरातल्या गाजलेल्या वस्तूंमध्ये बायकांच्या हातच्या वस्तू बऱ्याच होत्या. धातूचे पलंग लुई सोन्यो आणि शार्लोट आलिक्स या दोघांनी मिळून केलेले. आरामखुर्ची होती ती आयलीन ग्रे या आयरिश बाईंची, ज्या पॅरिसमध्ये राहून काम करत. आणि ल कॉर्बुझिए यांच्या नावानं जी लांब खुर्ची ओळखली जाते, तिच्या रचनेत शार्लोट पेरियाँ या तरुण मुलीचा मोठा वाटा होता. पेरियाँ पहिल्यांदा कॉर्बुझिएंकडे काम मागायला गेली तेव्हा इथं कुणी उशांवर भरतकाम करत बसत नाही, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं होतं. पुढे तिचं काम पाहून स्वतःच बोलावून घेतलं. घर बाईनं सांभाळायचं आणि त्याचा नकाशा मात्र पुरुषांनी काढायचा, हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. माणिकबागेत वीस वर्षांची महाराणी ज्या खुर्च्यांवर बसत होती, त्या आपल्यासारख्याच बायकांनी भांडून, टिकून घडवलेल्या होत्या. हे मला त्या घराच्या श्रीमंतीपेक्षा मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र आपल्या डोळ्यांना खुपते. ती कॉर्बुझिएंची लांब खुर्ची माणिकबागेत बिबट्याच्या कातड्यानं मढवलेली होती. फोटोत आजही ती ठिपकेदार कातडी दिसते. राजेरजवाड्यांच्या घरात त्या काळी ते शोभेचं मानलं जाई. आपल्या घरात अशी वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. सुंदर वस्तू पाहताना ती कशाची केली आहे हे विचारायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. ती सवय सोफा घेतानाही राहू द्यावी.

संयोगिताबाई दिसायला कशा होत्या? बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकारानं या जोडप्याची दोनदा चित्रं काढली. १९२९ च्या सुमाराची चित्रं युरोपीय वेषातली, महाराज काळ्या संध्याकाळच्या पोशाखात आणि त्या लांब गाऊनमध्ये. पुढे १९३३-३४ ची चित्रं मराठी दरबारी वेषातली. आधी परक्या वेषात आणि मग आपल्या वेषात. मॅन रे या नामवंत छायाचित्रकारानंही दोघांचे फोटो काढले. त्यांत दोघं दरबारी थाटात बसलेली नाहीत. हसतायत, एकमेकांकडे बघतायत, एखाद्या कॉलेजातल्या जोडीसारखी. पोरवयात मोठ्यांनी लावून दिलेलं लग्न होतं, पण त्या फोटोंत मैत्री दिसते.

माणिकबागेत महाराणींची स्वतःची खोली होती, स्वतःचं न्हाणीघर होतं. दार लावून घेता येईल अशी जागा होती. आता तुम्ही म्हणाल, राणीला खोली असणारच की! पण आपल्या जुन्या वाड्यांचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. पुरुषांना सोपा, दिवाणखाना, माडी. बायकांना माजघर आणि स्वयंपाकघर. त्या दोन्ही ठिकाणी दिवसभर सगळ्यांची ये-जा. माझ्या सासूबाई सामायिकाला बसायच्या त्या कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या मधल्या जागेत, कारण अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी घरात तेवढी एकच जागा होती. बारा खणांचा वाडा होता आमचा!

याच धाग्यावर माणिकबागेची सगळ्यात चटका लावणारी गोष्ट येते.

महाराजांचे मित्र आणि सल्लागार आँरी-पिएर रोशे यांच्यामुळं त्यांची ओळख कॉन्स्टँटिन ब्रँकुशी या शिल्पकाराशी झाली. ब्रँकुशी मूळचा रुमानियातल्या खेड्यातला, राहायचा पॅरिसला. त्यानं पक्ष्याचं शिल्प केलं होतं, पण त्याला चोच नाही, पंख नाहीत, पिसं नाहीत. नुसती वर झेपावणारी एक निमुळती रेघ. महाराजांनी त्याच्याकडून असे तीन पक्षी घेतले, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या संगमरवराचा आणि एक चकाकत्या पितळी रंगाच्या कांशाचा. हे पक्षी ठेवायला एक छोटं ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. मध्ये पाणी, भोवती पक्षी, वरून येणारा उजेड आणि आत एका वेळी एकानंच जाऊन शांत बसायचं, अशी काहीशी कल्पना होती.

ते मंदिर बांधलं गेलं नाही.

१९३७ च्या जुलैमध्ये संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. तेविशीच्या आसपास वय. मागे उषा नावाची चार वर्षांचीही न झालेली मुलगी. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रँकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला. महाराजांचं मन कशातच नव्हतं. काही दिवस राहून तो परत गेला आणि ती गोष्ट तिथंच संपली.

म्हणजे बघा मैत्रिणींनो, दाराच्या मुठीपासून काट्या-चमच्यांपर्यंत सगळं पूर्ण झालं. गार हवा आली, काचेचे पलंग आले. राहिली ती फक्त शांत बसायची जागा. ती शेवटी करू म्हटलं आणि शेवट आधीच आला. कागलहून दहाव्या वर्षी निघालेल्या त्या मुलीला आपलं घर मिळालं ते जेमतेम चार वर्षं.

घराचं पुढं काय झालं तेही ऐका. महाराज नंतर बराच काळ परदेशात राहिले. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९६१ मध्ये महाराजही गेले. १९७० च्या दशकात माणिकबागेची वास्तू सरकारकडं गेली आणि तिथं केंद्रीय अबकारी खात्याचं कार्यालय आलं. ज्या खोल्यांत रुलमानचं टेबल होतं तिथं फायलींची कपाटं लागली. २५ मे १९८० रोजी मोनाकोमध्ये सदबीज्‌नं माणिकबागेतल्या सामानाचा लिलाव केला. खुर्च्या, दिवे, गालिचे, पलंग जगभर पांगले. काळा आणि पांढरा पक्षी त्याआधीच, १९७३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयानं विकत घेतले होते. ते आज कॅनबेरात आहेत. कांशाचा पक्षी अमेरिकेत गेला. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट कलांच्या संग्रहालयात या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा पांगलेल्यांपैकी बऱ्याच वस्तू काही महिन्यांसाठी पुन्हा एका छताखाली आल्या. पॅरिसहून इंदूरला गेलेलं सामान पाहायला लोक पॅरिसलाच गेले.

परिग्रह म्हणजे काय हे आपण प्रवचनात ऐकतो. माणिकबागेच्या गोष्टीत तो डोळ्यांनी दिसतो. तरी मी ही गोष्ट "बघा, एवढं करून काय मिळालं" अशा सुरात सांगत नाहीये. तो सूर मला पटत नाही. दोघांनी मिळून, आवडीनं, जुन्या थाटाला नकार देऊन स्वतःला हवं तसं घर मागितलं, यात काहीच वावगं नव्हतं. उलट तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांनी आर्किटेक्टला शैलीचं नाव सांगितलं नाही, स्वतःच्या राहणीला शोभेल असं घर मागितलं. ऊन किती, पाऊस किती, कामाची खोली कुठं, बाईची खोली कुठं, हे आधी ठरलं. शैलीला नाव नंतर मिळालं, तेही लोकांनी दिलं.

आपणही तसंच करावं असं मला वाटतं. फ्रेंच म्हणा, मंगलोरी म्हणा, पण आर्किटेक्टसमोर बसाल तेव्हा आपला दिवस त्याला सांगा. सूर्यास्ताआधी जेवण होतं, तेव्हा स्वयंपाकघराला आणि जेवणाच्या जागेला पश्चिमेचा उजेड हवा. पाणी गाळून घेतो, तेव्हा त्याला आणि जिवाणी परत पोचवायला सोयीची जागा हवी. महाराज आहाराला आले तर दारात पडगाहनाला उभं राहायला मोकळी जागा हवी, आणि तिथून चौक्यापर्यंतची वाट सरळ, कोरडी हवी. रात्री दिव्यावर किडे येतात, तेव्हा खिडक्यांना जाळ्या हव्यात. हे त्याला कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडणार नाही. तुम्ही सांगितलं तरच कळेल.

आणि सामायिकाची, स्वाध्यायाची जागा नकाशावर आधी काढून घ्या. चार बाय चारची चालेल. देवघराच्या कोपऱ्यात नको, तिथं सगळे येतात. दार असलेली, आतून लावता येणारी, बाईच्या हक्काची. पैसे कमी पडायला लागले की घरात पहिली काट अशाच जागेवर बसते, "हे काय, नंतर करू" म्हणून. तेव्हा पाया खणायच्या आधीच तिच्यावर खूण करून ठेवा आणि कंत्राटदाराला सांगा, फॉल्स सीलिंग राहिलं तरी चालेल, पण ही खोली आधी झाली पाहिजे.

ज्यांची कामं सुरू आहेत त्यांनी आपापल्या घरात अशी जागा कुठं काढली ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.